प्रेस्बिटेरियन उपासनेंतील जुनें व नवें : बारामती-इंदापूरच्या वाटेवरून एक परीक्षण

१

मराठी ख्रिस्ती उपासनेविषयीं जें लेखन आजवर झालें आहे त्यांत एक विधान वारंवार आढळतें. तें असें कीं, स्कॉटलंड व अमेरिका येथून आलेल्या मिशनऱ्यांनीं आपल्या देशची उपासना जशीच्या तशी येथें आणून बसविली, ती जुनी परंपरा, पुढें रे. नारायण वामन टिळक झाले व त्यांनीं अभंग, भजन आणि कीर्तन ह्यांच्या योगानें तिला देशी रूप दिलें, तें नवीकरण. ह्या विधानाचा उत्तरार्ध बव्हंशीं खरा आहे. पूर्वार्ध मात्र तारखांच्या कसोटीस उतरत नाहीं. आणि पूर्वार्ध ढळला म्हणजे उत्तरार्धाचा अर्थहि बदलतो. जी उपासना ‘जशीच्या तशी’ आली असें म्हणावयाचें, ती त्या काळीं तिच्या मायदेशीं तरी स्थिर होती काय, हा प्रश्न पहिल्यानें विचारला पाहिजे. विषय धर्माचा असला तरी ह्या प्रश्नाचें उत्तर कालनिर्णयांत आहे, व म्हणूनच तो संशोधकांपुढें मांडण्याचें धाडस करीत आहों.

दुसरेंहि एक कारण आहे. ह्या विषयाचीं साधनें, म्हणजे कीर्तनकारांच्या वह्या, मंडळ्यांचीं इतिवृत्तें व जुनीं गीतपुस्तकें, आपल्या संग्राहकांच्या नजरेंतून आजपर्यंत बहुधा सुटलेलीं आहेत. सनद, महजर, बखर ह्यांचा कपटा दिसला तर आपण थांबतों. पदांची फाटकी वही दिसली तर पुढें जातों. ह्या उपेक्षेमुळें काय गमावत आहों तें लेखाच्या शेवटीं सांगावयाचें आहे.

२

परीक्षणासाठीं पुणें जिल्ह्याच्या आग्नेय भागांतील बारामती व इंदापूर हे दोन तालुके घेतले आहेत. श्रीतुकाराममहाराजांची पालखी देहूहून पंढरपुरास ह्याच वाटेनें जाते. बारामतीचा मुक्काम उरकून सणसर, निमगांव-केतकी अशा मजला करीत ती इंदापुरास येते; बेलवाडीस व इंदापुरास रिंगण होतें. दरवर्षीं ज्येष्ठ-आषाढांत ह्या रस्त्यावर जो अभंग कानीं पडतो, तो वाचून शिकावा लागत नाहीं. ऐकूनच तो येथील माणसाच्या मुखीं बसतो.

दुसरी परंपरा बारामतीची. कविवर्य मोरोपंत १७२९ मध्यें पन्हाळ्यास जन्मले, बाबूराव नाईक ह्यांच्या आश्रयानें बारामतीस पुराण सांगत राहिले व १७९४ मध्यें तेथेंच निवर्तले. त्यांची आर्या ही पुराणिकाच्या पाटावरची व कीर्तनकाराच्या तोंडची कविता. इंदापूर इतिहासाभ्यासकांस मालोजीराजांच्या जहागिरीमुळें परिचित आहे. दोन्ही गांवांमध्यें अंतर सुमारें ५० किलोमीटर. पण एकाच वाटेवर रस्त्याचा अभंग आणि वाड्यांतली आर्या असे मराठी पद्याचे दोन निरनिराळे संस्कार येथें शेजारीं नांदले.

ह्या प्रदेशांत प्रेस्बिटेरियन पंथ कसा आला तें थोडक्यांत सांगतों. ‘प्रेस्बिटेरियन’ हें नांव ज्या ग्रीक शब्दापासून आलें त्याचा अर्थ ‘वडील’. बिशप नाहीं, मंडळीनें निवडलेले वडील व पाळक मिळून कारभार पाहतात, हें ह्या पंथाचें मुख्य लक्षण. स्कॉटिश मिशनरी सोसायटीचें काम १८२३ मध्यें कोंकणांत बाणकोट-हर्णैच्या बाजूस सुरू झालें व पुढें पुण्यास आलें. १८३५ मध्यें तें चर्च ऑफ स्कॉटलंडच्या हातीं गेलें. १८४३ मध्यें स्कॉटलंडांत त्या चर्चची फूट होऊन फ्री चर्च निघालें, तेव्हां येथील मिशनरी फ्री चर्चकडे गेले. पुण्याच्या ह्या फ्री चर्च मिशनची एकोणिसाव्या शतकांतील शाखा ती इंदापूरची. ‘यमुनापर्यटन’कार बाबा पदमनजी हे पुण्यांतील फ्री चर्चच्या देशी मंडळीचे कांहीं काळ पाळक होते, एवढें सांगितलें म्हणजे हा परिवार मराठी वाङ्मयाच्या किती जवळचा होता हें ध्यानांत येईल. बारामतीस आलेलें मिशन निराळें. त्याचा विचार सहाव्या भागांत केला आहे.

३

आतां ‘जशीच्या तशी’ ह्या शब्दांची परीक्षा करूं. स्कॉटिश उपासनेचे आधारग्रंथ तीन. पहिला, नॉक्सच्या काळचें ‘बुक ऑफ कॉमन ऑर्डर’ (१५६४). दुसरा, वेस्टमिन्स्टरच्या धर्मसभेनें तयार केलेली व १६४५ मध्यें स्कॉटलंडनें स्वीकारलेली उपासनेची ‘डिरेक्टरी’. तिसरा, १६५० चें छंदोबद्ध स्तोत्रांचें पुस्तक. ‘डिरेक्टरी’ हें प्रार्थनांचें पुस्तक नव्हे. उपासनेचीं अंगें कोणतीं, त्यांचा क्रम कोणता, प्रार्थनेंत कोणते विषय यावेत, एवढेंच तें सांगतें; शब्द पाळकानें आपले वापरावेत. म्हणजे चौकट बांधलेली, पण आंतील भाषा मोकळी. मराठींत उपासना चालविणाऱ्यास ह्या परंपरेनें पहिल्या दिवसापासून मराठीं बोलण्याची मुभा दिली होती.

गायन मात्र बांधलेलें होतें. बायबलांतील स्तोत्रें छंदांत बसवून गावयाचीं. १७८१ मध्यें त्यांत इतर शास्त्रवचनांचीं कांहीं पद्यरूपांतरें मिळालीं. मनुष्यानें रचलेलें स्वतंत्र गीत उपासनेंत नाहीं, वाद्यहि नाहीं, असा सामान्य प्रघात. हा प्रघात केव्हां सुटला ? चर्च ऑफ स्कॉटलंडांत ऑर्गनचा वाद १८६० नंतरच्या दशकांत माजला. त्याच चर्चची ‘स्कॉटिश हिम्नल’ १८७० मध्यें निघाली. फ्री चर्चनें गीतांचा संग्रह १८७३ मध्यें काढला आणि वाद्यांस महासभेची परवानगी १८८३ मध्यें मिळाली.

ह्या सनावळीशेजारीं महाराष्ट्राची सनावळी ठेवावी. मिशनचा आरंभ १८२३, फ्री चर्च १८४३, वाद्यांस परवानगी १८८३. म्हणजे इंदापूरच्या शाखेची मातृसंस्था तिच्या पहिल्या चाळीस वर्षांत वाद्यावांचून गात होती. आज वृद्ध सभासद ‘आपल्या वाडवडिलांची रीत’ म्हणून ज्या पेटीचा कैवार घेतात, ती पेटी ह्या परंपरेंत उपरी आहे. हार्मोनियमचें पेटंट पॅरिस येथें १८४२ मध्यें झालें; अहमदनगरास ‘ज्ञानोदय’ निघालें तेंहि त्याच सालीं. कोंकणांतील स्कॉटिश मिशन ह्या वाद्यापेक्षां वयानें वडील आहे. त्या मानानें टाळ व मृदंग हे ह्या वाटेवर किती जुने, हें सांगावयास नको.

ह्यावरून पेटी टाकावी असें आमचें म्हणणें नाहीं. म्हणणें इतकेंच कीं, ज्यास आपण परंपरा म्हणतों त्यांतील पुष्कळ भाग हा स्कॉटलंडांतील एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाचें नवीकरण होय. तें तेथें नवें असतांना येथें आलें व येथें जुनें म्हणून रूढ झालें.

४

उलट बाजूचा पुरावा अधिक चित्तवेधक आहे. १६४५ च्या ‘डिरेक्टरी’मध्यें स्तोत्रगायनाविषयीं एक व्यवस्था आहे. प्रत्येकाजवळ पुस्तक असावें व वाचतां येईल त्यानें वाचून गावें, हा मूळ नियम. परंतु ज्या मंडळींत पुष्कळांस वाचतां येत नाहीं तेथें पाळकानें, किंवा नेमलेल्या एखाद्या योग्य माणसानें, गाण्यापूर्वीं स्तोत्राची एकेक ओळ वाचून दाखवावी, अशी सोय तींत सांगितली आहे. तात्पुरती म्हणून सांगितलेली ही सोय स्कॉटलंडांत पिढ्यान्‌पिढ्या टिकली. पुढें उभा राहून गाणारा एक ओळ सोडी व सारी मंडळी ती उचली. साक्षरता, छापील पुस्तक व ऑर्गन आल्यावर ती शहरांतून गेली. गेलिक भाषा बोलणाऱ्या पश्चिम बेटांत मात्र ती अद्यापि ऐकावयास मिळते, आणि मूळ चाल प्रत्येक कंठाच्या हरकतींत विरघळून जाऊन एक लांब लाट उठते असें तिचें वर्णन करितात.

दिंडींत चालणाऱ्यास ह्यांत नवें काय वाटेल ? विणेकऱ्याच्या भोंवतीं टाळकरी, एकानें चरण सोडावा, बाकीच्यांनीं झेलावा, ध्रुवपद सर्वांचें. कीर्तनांत मागें उभे राहून झील धरणारे हेंच काम करितात. ज्यास अक्षरओळख नाहीं त्याच्या मुखीं शास्त्र पोंचवावयाचें, ही अडचण दोन्ही देशांत सारखी. आणि कोणीं कोणापासून न घेतां दोन्ही देशांनीं तिच्यावर उपायहि सारखाच काढला.

येथें प्रस्तुत लेखाचा मुख्य मुद्दा येतो. भजनाची रीत प्रार्थनामंदिरांत आली तेव्हां ती बाहेरून आलेली नवलाई मानली गेली. तिच्या बाजूच्यांनीं ‘देशी’ म्हणून तिचें कौतुक केलें व विरुद्ध बाजूच्यांनीं ‘परकी’ म्हणून तिची शंका घेतली. दोघांच्याहि ध्यानांत एक गोष्ट आली नाहीं. वागणुकीच्या दृष्टीनें पाहतां ती रीत प्रेस्बिटेरियन पंथाच्या जुन्या, ऑर्गनपूर्व प्रघाताच्या अधिक जवळ होती. पुस्तक हातीं धरून, पेटीच्या सुरावर, चौपदरी विलायती चालींत गाणें हा अलीकडचा प्रकार. एकानें सांगावें व सर्वांनीं म्हणावें हा जुना. नव्या म्हणविणारानें नकळत जुनेंच उचलून धरलें होतें.

ह्या अनुमानाची मर्यादाहि सांगितली पाहिजे. अमुक सालीं इंदापूरच्या मंडळींत ओळ सांगून गात असत, असें आम्ही म्हणत नाहीं. तसें म्हणावयास त्या मंडळीचा लेखी पुरावा पाहिजे. नियम होता व त्याची गरज होती, एवढेंच सिद्ध आहे.

५

आतां पद्याकडे वळूं. कारण उपासनेंतील जुन्या-नव्याचा खरा झगडा छंदांत झाला आहे. मराठी ख्रिस्ती गीतपुस्तकांत तीन थर स्पष्ट दिसतात : विलायती चालीवर बसविलेलीं भाषांतरें, आर्या, साकी, दिंडी इत्यादि कीर्तनी वळणाचीं पदें, आणि अभंग व भजनें.

पहिल्या थराचा दोष भाषेचा नसून मोजमापाचा आहे. स्कॉटिश स्तोत्रांचा सर्वांत रूढ छंद आठ-सहा-आठ-सहा अवयवांचा, व त्याचा डोलारा इंग्रजी शब्दांतील आघातावर उभारलेला. मराठींत तसा आघात नाहीं. येथें वजन ऱ्हस्व-दीर्घाचें. म्हणून मराठी शब्द त्या चालीवर ठेवला कीं लांब सूर ऱ्हस्व अक्षरावर पडतो, दीर्घ अक्षर घाईंत सरतें, आणि ठोका नेमका विभक्तीच्या प्रत्ययावर येतो. शिवाय मराठी वाक्याचें क्रियापद शेवटीं येत असल्यामुळें यमकासाठीं क्रियापदांच्या शेपट्याच जुळवाव्या लागतात. भाषांतरकर्ते कांहीं अडाणी नव्हते. त्यांतले कित्येक उत्तम मराठी जाणत. माप चुकीचें घेतल्यावर शिंप्याच्या कौशल्यानें अंगरखा बसत नाहीं, इतकेंच.

दुसऱ्या थराचें माप मराठी खरें, पण त्याची अडचण निराळी. मोरोपंतांची आर्या ही शास्त्रदृष्ट्या बहुधा गीति असते : बारा, अठरा, बारा, अठरा अशा मात्रा. मात्रांचा हिशेब काटेकोर, समास दाट, यमकें कसलेलीं. एकानें म्हणावी व दहांनीं माना डोलवाव्या, अशी ही कविता. कीर्तनाच्या आख्यानांत ती शोभते, कारण तेथें कथा पुढें न्यावयाची असते. सबंध मंडळीनें एकमुखानें म्हणावयास मात्र ती जड जाते. त्यामुळें बारामतीचा हा वारसा ख्रिस्ती कीर्तनाच्या कामीं आला, रविवारच्या समूहगायनांत मुरला नाहीं. ह्यांत आर्येची निंदा नाहीं; वाड्यांतील दागिना पालखीच्या वाटेवर वागवितां येत नाहीं, एवढाच त्याचा अर्थ.

तिसरा थर अभंगाचा. मोठ्या अभंगाचा चरण सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा. अक्षरें मोजावयाचीं, त्यांचें वजन नव्हे. गातांना ऱ्हस्वहि दीर्घासारखें लांबवितां येतें. म्हणून अभंग कोणत्याहि चालीस वळतो आणि म्हणणाऱ्याच्या चुका पोटांत घालतो. त्यांत आणखी एक गुण आहे. हिब्रू स्तोत्रांत यमक नसून एकच भाव दोन अर्धांत दोन तऱ्हांनीं सांगण्याची पद्धति आहे. अभंगाच्या आखूड खंडांत ती पद्धति सहज उतरते. स्कॉटिश छंदांत मूळच्या वाक्यास पुष्कळदां उलटेंसुलटें करावें लागलें. अर्थात्‌ दोन्हींपैकीं कोणतेंहि मूळचें रूप नव्हे. परंतु ‘स्तोत्र छंदांत घालून गावें’ हा जो प्रेस्बिटेरियन आग्रह, त्यास मराठींत अभंगापेक्षां योग्य पात्र सांपडत नाहीं, असें आमचें मत आहे.

हें नातें एका स्कॉटिश मिशनऱ्यास पूर्णपणें उमगलें होतें. जे. मरे मिचेल ह्यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच तुकोबांविषयीं इंग्रजींत लिहिलें होतें. पुढें पुण्याच्या निकोल मॅकनिकल ह्यांनीं मराठी संतांच्या १०८ पदांचा इंग्रजी अनुवाद १९१९ मध्यें प्रसिद्ध केला. ग्रंथाच्या नांवांत त्यांनीं अभंगांस ‘साम्स’ हा शब्द वापरला. ज्या पंथानें शतकानुशतकें साम्सवांचून दुसरें कांहीं गाइलें नाहीं, त्या पंथाच्या माणसानें हा शब्द सहजासहजीं वापरला नसणार. पुढें ह्याच मॅकनिकलांनीं केलेला टिळकांच्या एका पदाचा अनुवाद पाश्चात्त्य प्रेस्बिटेरियन गीतपुस्तकांत गेला. जी उपासना येथें ‘आणून बसविली’ असें म्हणतात तिच्यांत येथील पद जाऊन बसलें, ही गोष्ट आरंभींच्या विधानांत कोठेंच बसत नाहीं.

६

टिळकांविषयीं लिहितांना एक खुलासा अवश्य आहे. ते प्रेस्बिटेरियन नव्हते. १८९५ मध्यें मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला तो अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळींत, व तें मिशन काँग्रिगेशनल पंथाचें. अहमदनगरास (आतांच्या अहिल्यानगरास) त्याच मिशनांत कृष्णराव रत्नाजी सांगळे ह्यांनीं टिळकांच्या पूर्वींच ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला होता. १९०४ मध्यें हिंदुस्थानांतील प्रेस्बिटेरियन मंडळ्या एकत्र आल्या, व १९२४ मध्यें प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मिळून ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’ झालें. १९७० मध्यें हें चर्चहि उत्तर भारताच्या संयुक्त मंडळींत, म्हणजे ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’मध्यें, विलीन झालें. टिळक-सांगळ्यांचें भांडार अशा रीतीनें स्कॉटिश मंडळ्यांचें कायदेशीर वारसाधन झालें. पदें मात्र त्या आधींच सीमा ओलांडून गेलीं होतीं, कारण पदास सभेचा ठराव लागत नाहीं.

कीर्तनाविषयींहि चौथ्या भागांतलाच न्याय लागू पडतो. पूर्वरंगांत एक वचन घेऊन त्याचें निरूपण, उत्तररंगांत त्यास दृष्टान्तभूत आख्यान, ही हरिदासी रचना. स्कॉटिश पाळकाचें व्याख्यान तरी काय ? एक वचन, त्याचा अर्थ, त्याचे मुद्दे व शेवटीं श्रोत्यांच्या आचरणास लावणें. उधळ्या पुत्राच्या कथेस आख्यान केलें म्हणजे उपदेशाचा सांगाडा मोडत नाहीं. त्यास गाणें मिळतें इतकेंच.

तथापि विरुद्ध बाजूस जें म्हणणें होतें तें नुसत्या हट्टाचें नव्हतें. शब्द उसना घेतला कीं त्याच्या मागें त्याचा संसारहि येतो. ‘अवतार’ म्हटलें कीं दहा आले. ‘चरण’ म्हटलें कीं समोर मूर्ति उभी राहते. आणि मूर्तीचा निषेध हा तर प्रेस्बिटेरियन उपासनेचा कणा. ह्या शंकेस टिळकांचें काव्य हेंच खरें उत्तर, परंतु तें सर्वत्र सारखें समर्थ नाहीं. जेथें त्यांचा अनुभव शब्दास पुरून उरतो तेथें जुना शब्द नव्या अर्थानें उजळतो. जेथें नुसती घडण आहे तेथें संतांचा ठसा उमटतो, पण नाणें पोकळ वाजतें. अनुकरणकारांच्या रचनांत हा दुसरा प्रकार अधिक. देशी चाल घेतली एवढ्यानेंच पद्य देशी होत नाहीं, हें त्यांच्या पुरस्कर्त्यांनींहि मान्य केलें पाहिजे.

मुद्रेचाहि प्रश्न असाच. अभंगाच्या अखेरीस कवीचें नांव येतें. टिळकांची मुद्रा ‘दास’. हिब्रू स्तोत्र मंडळीच्या मुखचें. त्याच्या अखेरीस कवि आपलें नांव गुंफीत नाहीं. मंडळीनें एका मनुष्याची सही आपल्या तोंडानें म्हणावी काय ? टिळकांनीं ‘दास’ हें कोणाहि भक्तानें आपलें म्हणून घ्यावें असें नांव निवडलें, ह्यांत त्यांची मार्मिकता दिसते. संशोधकास मात्र मुद्रा दुसऱ्या कारणानें मोलाची : आटोपशीरपणासाठीं शेवटचा चरण गाळला कीं कर्तृत्वाचा पुरावाहि गळतो.

बारामतीची हकीकत ह्या विषयास वेगळा उजेड देते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत तेथें ऑस्ट्रेलियांतील ‘चर्चेस ऑफ क्राइस्ट’ ह्या पंथाचें मिशन आलें. ह्या पंथाचे मूळपुरुष टॉमस कँबेल व त्यांचे पुत्र अलेक्झांडर कँबेल हे दोघेहि प्रेस्बिटेरियन परंपरेंतून फुटलेले. १८०९ मध्यें ग्लासगो येथें प्रभुभोजनाच्या वेळीं पात्रतेची खूण म्हणून मिळालेला धातूचा बिल्ला परत टाकून अलेक्झांडर भोजन न घेतां निघून गेले, ही त्या पंथाची प्रसिद्ध कथा. त्यांचें म्हणणें, आम्ही नवें कांहीं काढीत नसून प्रेषितांच्या काळचें जुनेंच परत आणीत आहों. म्हणून दर रविवारीं भाकर मोडणें व समजत्या वयांत बुडवून बाप्तिस्मा देणें. अशा रीतीनें इंदापूरच्या बाजूस स्कॉटलंडची परंपरा व बारामतीस तिच्याच पोटांतून निघालेलें बंड, असे दोन शेजारी झाले. आणि दोघेहि आपणांसच जुने म्हणवीत.

प्रभुभोजनाच्या बाबतींत दोघांचें एका गोष्टींत ऐक्य. स्कॉटिश सुधारकांनीं १५६० पासून गुडघे टेकण्याऐवजीं मेजाभोंवतीं बसून भोजन घेण्याचा आग्रह धरला. युरोपांत हा वाद पूजाविधीचा. महाराष्ट्रांत तो पंगतीचा झाला. कोणीं कोणाच्या पंक्तीस बसावें ह्यावर जेथें सगळा समाज तोललेला, तेथें एका भाकरीची व एका पेल्याची पंगत हें उपासनेंतील सर्वांत मोठें नवें होतें, आणि तें अगदीं जुन्या नियमाचें पालन करूनच आलें. वारींत काल्याचा प्रसाद एकमेकांच्या मुखीं घालतात, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस ह्यांतील मर्म अधिक सांगावयास नको.

७

आतां साधनांविषयीं. वरील विवेचनांत जेथें जेथें आम्हांस थांबावें लागलें, तेथें तेथें उणीव विचाराची नसून कागदांची होती. प्रेस्बिटेरियन शिस्तींत वडिलांच्या सभेनें इतिवृत्त लिहावें व तें वरच्या सभेपुढें तपासणीस मांडावें, असा नियम आहे. म्हणजे लिहिणें हें ह्या पंथाचें कर्तव्यच. पाळक कोण नेमले, कोणास प्रभुभोजनास बसूं दिलें नाहीं, गायनाविषयीं तक्रार कोणीं केली, पेटी केव्हां विकत घेतली, ह्या गोष्टी अशा वह्यांतच सांपडावयाच्या. इतिहासाच्या दृष्टीनें त्यांची योग्यता एखाद्या गांवच्या दप्तराहून कमी नाहीं.

कीर्तनकारांच्या वह्यांचें महत्त्व आणखी वेगळें. पदाच्या माथ्यावर ‘चाल’ म्हणून एखाद्या परिचित गाण्याचे पहिले शब्द लिहिण्याची आपली जुनी पद्धति आहे. हें शीर्षक म्हणजे तारखेचा साक्षीदार. अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘संगीत शाकुंतल’ १८८० मध्यें रंगभूमीवर आलें. त्यांतील पदाची चाल ज्या पदावर लिहिली असेल, तें पद, निदान तें शीर्षक, १८८० च्या पूर्वींचें असणें शक्य नाहीं. लावणी, ओवी, स्त्रीगीत ह्यांच्या चालींच्या उल्लेखांवरून त्या त्या गांवीं कोणतें गाणें लोकांच्या तोंडीं होतें हेंहि कळेल. म्हणजे ह्या वह्या ख्रिस्ती समाजापुरत्याच उपयुक्त नाहींत. पुढच्या छापील आवृत्तींत चाल बदलली अथवा शीर्षक गाळलें कीं हा साक्षीदार नाहींसा होतो. आणि आतां पद छापण्याऐवजीं भिंतीवरील पडद्यावर दाखविण्याची सोय झाली आहे. एका अर्थी ती १६४५ च्या ‘ओळ सांगण्या’चीच नवी आवृत्ति, तींत ओळ दिसते, पण कवि, मुद्रा व चाल दिसतेच असें नाहीं.

दोन उदाहरणें संग्राहकांपुढें ठेवतों. तुकोबांची गाथा सरकारी साहाय्यानें १८६९ ते १८७३ मध्यें छापली गेली, तेव्हां संपादकांनीं देहू, कडूस, तळेगांव व पंढरपूर येथील पोथ्या पुढें घेऊन पाठ निश्चित केला. त्या पोथ्या घराघरांतून कोणीं तरी जपल्या होत्या म्हणूनच हें झालें. दुसरें उदाहरण फादर स्टीफन्स ह्यांच्या ख्रिस्तपुराणाचें. पंथानें तें रोमन कॅथलिक व स्थलानें गोमंतकाचें. येथील मंडळ्यांशीं त्याचा वंशसंबंध नाहीं. पण त्याची कथा बोधप्रद आहे. हा सुमारें अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ १६१६, १६४९ व १६५४ असा तीनदां छापला गेला, आणि त्या तिन्ही छापांची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. ग्रंथ वांचला तो हातानें उतरलेल्या प्रतींवर. त्यांच्याच आधारें १९०७ मध्यें मंगळुरास तो पुन्हां छापतां आला. छापलें म्हणजे टिकलें, ह्या आपल्या समजुतीस ह्याहून मोठें उत्तर नको.

८

एकंदर विवेचनाचा निष्कर्ष असा. मराठी प्रेस्बिटेरियन उपासनेंत परंपरा विलायती व नवीकरण देशी, अशी वांटणी टिकत नाहीं. जी परंपरा मानली गेली तिच्यांत स्कॉटलंडांतील ताज्या सुधारणा मिसळलेल्या होत्या; जें नवीकरण मानलें गेलें त्यांत अभंगाइतकेंच जुनें असें मराठी, आणि ‘डिरेक्टरी’इतकेंच जुनें असें स्कॉटिश, दोन्ही परत आलें. टिळकांचें श्रेय ह्यामुळें उणें होत नाहीं. परक्या घराला रंग देणाऱ्याचें श्रेय जाऊन दोन जुन्या घरांमधली भिंत पाडणाऱ्याचें श्रेय त्यांस मिळतें.

जे आज ‘जुनें सोडूं नका’ म्हणतात व जे ‘नवें येऊं द्या’ म्हणतात, त्या दोघांनींहि आधीं जुनें कोणतें तें पाहावें. आणि तें पाहावयास जुने कागद पाहिजेत. संग्राहकांस एवढीच विनंती कीं, बारामती-इंदापूरच्या बाजूस एखाद्या घरच्या पेटींत पदांची वही, मंडळीचें इतिवृत्त, किंवा समासांत हातानें चाली टिपलेलें जुनें गीतपुस्तक आढळल्यास तें ‘किरकोळ’ म्हणून बाजूस ठेवूं नये. मिळाल्याचें ठिकाण, लेखनाचा काळ, लिपि मोडी कीं बाळबोध, मुद्रा व चाल ह्यांची नोंद करून त्याची नक्कल तरी करून ठेवावी. पदाची ओळ सांगणारा व उचलणारा दोघेहि गेले, तरी वही राहिली तर ती ओळ पुन्हां म्हणतां येईल.